मधली तेरा वर्षं

बीजिंग २००८, शर्यत अपूर्ण. लंडन २०१२, पंचेचाळिसावी. रिओ २०१६, आठवी. टोकियो, पहिली. पॅरिस २०२४, पाचवी.

ट्रायथलॉनपटू फ्लोरा डफीची ऑलिंपिक कारकीर्द एवढ्या पाच नोंदींत मावते. चौथी नोंद जगाला ठाऊक आहे, कारण त्या दिवशी जेमतेम चौसष्ट हजार वस्तीचं बर्म्युडा हे उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारं सर्वांत कमी लोकसंख्येचं ठिकाण ठरलं. माझं मन मात्र पहिल्या दोन नोंदींपाशी अडतं. विसाव्या वर्षी अपूर्ण, चोविसाव्या वर्षी पंचेचाळिसावी. आपल्याकडे एखाद्या मुलीचे लागोपाठ असे दोन निकाल लागले, तर घरचे म्हणतील, ‘झालं तेवढं पुष्कळ झालं, आता नोकरीचं बघ.’ प्रेमानेच म्हणतील. वर्तमानपत्रात तिचं नाव पुन्हा यायचं नाही आणि पुढच्या वेळी खर्च करायला कुणी पुढे यायचं नाही. मग ही बाई तेहतिसाव्या वर्षी जगात पहिली कशी आली? मधल्या तेरा वर्षांत तिने नेमकं काय केलं? हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच.

आधी थोडं या खेळाविषयी सांगायला हवं. महाराष्ट्रात ट्रायथलॉन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आयर्नमॅन येतो. पुणे, कोल्हापूर, नाशिककडचे कितीतरी डॉक्टर, पोलीस अधिकारी, व्यावसायिक, आणि आता पन्नाशीतल्या गृहिणीसुद्धा, ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर मॅरेथॉन पळतात. गोव्यात २०१९ पासून मिरामारच्या किनाऱ्यावर याच्या निम्म्या अंतराची शर्यत होऊ लागली आणि ते वेड घराघरांत पोचलं. मीही त्याच वाटेने या खेळात आले. तिथे आपली लढाई घड्याळाशी असते. वेळेच्या मर्यादेत शेवटची कमान गाठली की डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खरं असतं.

ऑलिंपिकमधला ट्रायथलॉन मात्र वेगळा. दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर पळणं. अव्वल बायका हे सगळं दोन तासांच्या आत आटोपतात. शिवाय इथे सायकलवर एकमेकींच्या मागे चिकटून जायला परवानगी असते. पुढची वारा अंगावर घेते, मागचीला त्याच वेगासाठी बरीच कमी ताकद लागते. आयर्नमॅनमध्ये हेच केलं तर दंड होतो. या एका नियमाने सगळा डाव बदलतो. पोहून बाहेर येताना पुढच्या गटापासून वीस सेकंद मागे राहिलात, तर ते वीस सेकंद भरून काढायला एकटीने वाऱ्याशी झुंजावं लागतं, आणि गट पुढे पुढे जात राहतो. उलट मोठा गट एकत्र राहिला, तर जी पळण्यात तेज ती निवांत मागे बसून येते आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकते. अमेरिकेच्या ग्वेन जॉर्गन्सनने रिओचं सुवर्ण मिळवलं ते अशाच पळण्याच्या जोरावर.

डफीची जातकुळी वेगळी. तिला वाट बघणं मानवत नाही. ती पाण्यात पहिल्यापासून पुढे असते, सायकलवर बसताच वेग वाढवते आणि मागच्या गटाला जवळ येण्याची संधीच देत नाही. तिच्यासोबत पुढे राहायचं म्हणजे पहिल्या मिनिटापासून नाकीनऊ येतात, आणि ती स्वतःही काही आरामात नसते. मला तिच्या शर्यती बघायला आवडतात त्या याचसाठी.

बर्म्युडा अटलांटिक महासागरात एकटं पडलेलं आहे, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हजारेक किलोमीटर लांब. ब्रिटनच्या अखत्यारीतला प्रदेश, पण ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या झेंड्याखाली उतरणारा. सगळं मिळून क्षेत्रफळ पन्नास-पंचावन्न चौरस किलोमीटर. रस्ते अरुंद, आणि वाहनांची वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर. म्हणजे डफी शर्यतीत सायकल ज्या वेगाने हाणते, त्या वेगाची तिच्या बेटावर मोटारीलाही परवानगी नाही! लहान वयातच ती तिथल्या मुलांच्या ट्रायथलॉनमध्ये उतरू लागली, आणि पुढे शिकायला इंग्लंडमधल्या वसतिगृहाच्या शाळेत गेली. तिचे आईवडील मूळचे इंग्लंडचे. त्यामुळे ब्रिटनकडून खेळण्याचा मार्ग तिला मोकळा होता, आणि तसं विचारलंही गेलं होतं. ट्रायथलॉनमध्ये ब्रिटनचा दबदबा मोठा. प्रशिक्षक, डॉक्टर, पैसा, सरावाला तोडीस तोड जोडीदार, सगळं तयार मिळालं असतं. तिने नकार दिला आणि बर्म्युडाचीच राहिली.

या निर्णयाला मी मोठा म्हणते, पण त्याची किंमतही मोठी होती हे विसरता कामा नये. छोट्या संघाचा खेळाडू म्हणजे शर्यतीत आपल्या बाजूने वारा अडवायला दुसरं कुणी नाही. टोकियोला बर्म्युडाचा अख्खा चमू होता दोन खेळाडूंचा, एक डफी आणि एक नौकानयनपटू. त्याआधी बर्म्युडाच्या खात्यात एकच ऑलिंपिक पदक होतं, क्लॅरेन्स हिलने १९७६ मध्ये माँट्रियलला मुष्टियुद्धात मिळवलेलं कांस्य.

बीजिंगमध्ये शर्यत अर्धवट राहिल्यावर ती खेळापासून दूर गेली. अमेरिकेत बोल्डरला, कोलोरॅडो विद्यापीठात शिकायला लागली. लोक या काळाबद्दल घाईघाईने एक वाक्य लिहून पुढे सरकतात, जणू ही मधल्या स्थानकावरची गैरसोय होती. मला तसं वाटत नाही. विशीतल्या मुलीला, जिचं सगळं बालपण एका खेळाने व्यापलेलं आहे, तो खेळ बाजूला ठेवून ‘मी याच्याशिवाय कोण आहे’ हे बघायला मिळालं. आपल्याकडच्या खेळाडूंना ही मुभा नसते. सराव सोडला की शिष्यवृत्ती जाते, जागा जाते, आणि परतीचा दरवाजा बंद होतो. बोल्डर तर सहनशक्तीच्या खेळांचं माहेरघर, डोंगराच्या कुशीतलं, उंचावरचं गाव. तिथे राहून तिला या खेळाची ओढ पुन्हा लागली असेल तर नवल नाही.

लंडनला ती परत आली, आणि सायकलवरून पडली. पंचेचाळिसावी. पण तिने शर्यत पुरी केली होती.

आणि मग येतो या कारकिर्दीतला माझा सर्वांत आवडता भाग, ज्याची ऑलिंपिकच्या यादीत नोंदच नाही. डफी मातीत गेली. एक्सटेरा नावाची ऑफरोड ट्रायथलॉन मालिका आहे. समुद्रात पोहायचं, माउंटन बाइकवर डोंगर चढायचे-उतरायचे, आणि मग पायवाटांवरून पळायचं. तिची जागतिक स्पर्धा तेव्हा हवाईमधल्या माउई बेटावर व्हायची. २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं डफीने ती जिंकली. डॅन ह्यूगो हा दक्षिण आफ्रिकेचा खेळाडूही याच मालिकेतला. पुढे तो तिचा नवरा झाला.

मातीत काय शिकायला मिळतं, हे मला सायकलवरच उमगलं. पुण्याहून आम्ही पावसाळ्यात कात्रजच्या जुन्या घाटात जातो. चढताना दम लागतो, पण भीती वाटते ती उतरताना. वळणावर शेवाळलेला डांबराचा पट्टा, कडेला वाहून आलेली खडी, समोरून कधी कुठली गाडी येईल याचा नेम नाही. अशा वेळी नवशिका ब्रेक आवळून धरतो आणि नेमका तिथेच घसरतो. सरावलेला माणूस वळण येण्याआधीच वेग कमी करून घेतो, ब्रेक सोडतो, बाहेरच्या पायावर भार देतो, नजर वळणाच्या पलीकडे ठेवतो आणि सायकलला तिच्या कलाने जाऊ देतो. हे सांगून येत नाही, शंभर वेळा पोटात गोळा आल्यावरच अंगात मुरतं. मातीच्या उतारावर चाक क्षणोक्षणी सरकत असतं, तिथे चार-पाच वर्षं काढलेल्या बाईला ओला डांबरी रस्ता काय घाबरवणार! पोहणं आणि पळणं चांगलं असणाऱ्या पुष्कळ असतात. वळणावर ब्रेक न लावणाऱ्या थोड्या. दर वळणाला दोन-तीन सेकंद असे चाळीस किलोमीटरमध्ये किती होतील, हिशेब करा.

हीच गोष्ट ट्रान्झिशनची. पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून पळण्यावर जाण्याचा जो वेळ, त्याला ट्रायथलॉनवाले चौथा खेळ म्हणतात. ते कौतुकाने नव्हे, गांभीर्याने म्हणतात. पाण्यातून बाहेर येताना रक्त हातांत असतं, पायांना उभं राहण्याचा अंदाज येत नाही, आणि त्या अवस्थेत पळत जाऊन शेकडो सायकलींतली आपली शोधायची. टोपी, चष्मा आपल्या खोक्यातच टाकायचे, बाहेर पडले तर दंड. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. बूट आधीच पेडलला अडकवलेले असतात, ते आडवे राहावेत म्हणून रबरबँडने सायकलला बांधलेले. अनवाणी पायांनी सायकल ढकलत पळायचं, रस्त्यावरची रेघ ओलांडली की उडी मारून बसायचं, दोन पेडल मारताच रबरबँड तुटतात, आणि मग चालत्या सायकलवर पाय बुटांत सरकवायचे. त्या रेघेच्या जरा आधी उडी मारली म्हणून लंडन ऑलिंपिकमध्ये जोनाथन ब्राउनलीला पंधरा सेकंदांचा दंड भरावा लागला होता, तरी त्याने कांस्य मिळवलं. डफी या चौथ्या खेळात उस्ताद आहे. तिची घाई दिसत नाही, तरी ती सगळ्यांच्या आधी निघालेली असते.

रिओला आठवी आल्यावर महिनाभरात मेक्सिकोतल्या कोझुमेलला जागतिक मालिकेची अंतिम शर्यत झाली. तिथे तिने ताज्या ऑलिंपिक विजेत्या जॉर्गन्सनला मागे टाकलं, आणि शर्यतीबरोबर जगज्जेतेपदही घेतलं. पण कोझुमेल २०१६ म्हटलं की जगाला आठवतो तो अ‍ॅलिस्टर ब्राउनली, उन्हाने गलितगात्र झालेल्या धाकट्या भावाला खांद्याचा आधार देत शेवटच्या रेषेपर्यंत आणणारा. तो प्रसंग होताच तसा. पण त्याच स्पर्धेत एका छोट्या बेटावरच्या मुलीने या खेळातली सर्वांत भक्कम सत्ता उलथवली होती, आणि ते फारसं कुणी पाहिलं नाही याची मला आजही चुटपुट लागते.

२०१७ चं जगज्जेतेपदही तिचंच. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण, आणि त्याच महिन्यात जागतिक मालिकेतली शर्यत पहिल्यांदा बर्म्युडात, तिच्या घरच्या अंगणात, हॅमिल्टन शहरात झाली. तिथे ती एकटी पुढे निघाली आणि एकटीच शेवटपर्यंत पुढे राहिली. आता हिला कोण अडवणार, असं वाटत असतानाच पायाच्या दुखापतीने तिला वर्षाहून अधिक काळ घरी बसवलं.

ती परतली ऑगस्ट २०१९ मध्ये, टोकियोच्या चाचणी शर्यतीत. तिथे एक विलक्षण प्रकार घडला. उन्हाच्या तडाख्यामुळे पळण्याचं अंतर निम्मं करावं लागलं. जेसिका लिअरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी ब्रिटिश मैत्रिणींनी हातात हात घालून रेषा ओलांडली. ठरवून बरोबरी करणं नियमात बसत नाही, म्हणून दोघींनाही बाद केलं गेलं. त्यांच्या मागून आलेल्या डफीला विजेती घोषित केलं. मला त्या दोघींसाठी वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण डफीच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की इतक्या महिन्यांनंतर तिचा पाय टिकला होता.

मग महामारी आली, ऑलिंपिक वर्षभर लांबलं. २७ जुलै २०२१ ला टोकियोत वादळाची चाहूल होती, शर्यत पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे सव्वातीन. त्या आठवड्यात चिपळूण, महाड, कोल्हापूर पाण्याखाली गेलं होतं, तळीयेची बातमी ताजी होती, आणि खरं तर कशातच मन लागत नव्हतं. घरातले सगळे झोपलेले. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता मोबाईल भिंतीला टेकवून बसले होते. टोकियोतल्या ओदाइबाचा, शर्यतीचा रस्ता चकाकत होता इतका ओला. सुरुवातीलाच सातजणींचा गट सुटला आणि डफी त्यात होती. प्रत्येक वळणावर मागून येणाऱ्या गटातल्या बायका चाचपडत होत्या, एखाद-दोघी पडल्याही. डफीची सायकल मात्र वळणात शिरायची आणि तशीच बाहेर यायची. मी ओल्या घाटाचा विचार करत होते, आणि माउईच्या चिखलाचाही.

सायकलच्या शेवटच्या टप्प्यात टेलर-ब्राउनचं चाक पंक्चर झालं. तिने तशाच चाकावर सायकल रेटली आणि बावीस सेकंद मागून पळायला सुरुवात केली. डफी पुढे निघून गेली होती. १ तास ५५ मिनिटं ३६ सेकंद. दुसऱ्या क्रमांकावर सव्वा मिनिटाने आली ती पंक्चरवाली टेलर-ब्राउनच. तिच्या त्या रौप्यावर वेगळा लेख लिहायला हवा. शर्यतीनंतर डफीने जे सांगितलं त्याचा आशय असा, की पाच वर्षं ऑलिंपिकची संभाव्य विजेती म्हणून जगण्याची वेळ कुणावर येऊ नये. जिंकल्यावर माणसं स्वप्नपूर्ती वगैरे बोलतात. ही बाई ओझ्याबद्दल बोलली. त्या पहाटे मला ती फार जवळची वाटली.

बर्म्युडाने १८ ऑक्टोबरला तिच्या नावाने सार्वजनिक सुट्टी दिली. तिला डेम हा किताबही मिळाला.

पण २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल शर्यत माझ्या मनात जास्त घोळते. सटन पार्कमध्ये छोट्या अंतराची शर्यत होती, साडेसातशे मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर. डफी जिंकली, पंचावन्न मिनिटं आणि काही सेकंदांत. त्याच पाण्यात, त्याच रेषेवरून दोन भारतीय मुली सुटल्या होत्या. गुजरातची प्रज्ञा मोहन आणि आपली, महाराष्ट्राची संजना जोशी. दोघींनी शर्यत पुरी केली, तासाभराहून अधिक वेळ घेऊन, यादीच्या तळाकडे. आपल्याकडे त्याची बातमी आली असेल तर ‘भारतीयांची निराशा’ अशाच चालीत. मी ती यादी पुष्कळ वेळ बघत बसले. वरच्या टोकाला डफी, खालच्या टोकाला आपल्या मुली, आणि मधलं अंतर दहा मिनिटांहून जास्त. हे अंतर केवळ फुप्फुसांचं आणि पायांचं नाही. वाहतूक बंद केलेला रस्ता सरावाला मिळणं, खुल्या पाण्यात पन्नासजणींच्या लाथाबुक्क्या खात पोहण्याची सवय, वर्षातून दहा वेळा बाहेरदेशी जाऊन हरण्याचा खर्च, हे सगळं त्या दहा मिनिटांत आहे. आपली मुलगी सायकलचा सराव महामार्गावर, ट्रकच्या धुरात, उजाडायच्या आत उरकून घेते. मोठ्या गटात वळण कसं घ्यायचं हे तिने शिकायचं कुठे? शर्यतीतच. आणि तिथे शिकेपर्यंत गट निघून गेलेला असतो.

म्हणून मला राग येतो तो ‘पदक का नाही’ या प्रश्नाचा. बीजिंगच्या यादीत डफीचा क्रमांक कुठे होता? तळालाही नव्हता, कारण शर्यत पुरी न करणाऱ्यांची नावं क्रमांकाशिवाय छापतात. त्यानंतर तिला कुणी तरी परत येऊ दिलं, मातीत खेळू दिलं, पाय बरा होईपर्यंत थांबू दिलं. या ‘येऊ दिलं, खेळू दिलं, थांबू दिलं’मध्ये पैसा आहे, माणसं आहेत आणि भरपूर वर्षं आहेत. प्रज्ञा आणि संजना यांना किंवा त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींना आपण तेवढी वर्षं देणार आहोत का, हे मला विचारायचं आहे. क्रीडा खात्याला विचारायचं आहे, आणि मुलीला दहावीनंतर तलावावरून घरी आणणाऱ्या पालकांनाही.

२०२२ च्याच नोव्हेंबरमध्ये डफी पुन्हा घरच्या शर्यतीत जिंकली, आणि मग अबू धाबीला चौथ्यांदा जगज्जेती झाली. एवढी विजेतेपदं दुसऱ्या कुठल्याही महिलेच्या नावावर नव्हती. २०२३ मध्ये गुडघ्याने दगा दिला. पॅरिसला ती उतरेल की नाही इथपासून शंका होती.

ती उतरली. सीन नदीचं पाणी पोहण्यालायक आहे की नाही यावरून आदला दिवस गेला होता, पुरुषांची शर्यत पुढे ढकलली गेली होती. ३१ जुलै २०२४ ला सकाळी बायका पाण्यात गेल्या तेव्हा प्रवाहाला भयंकर ओढ होती. उलट दिशेने परतताना भल्याभल्या पोहणाऱ्या काठाला चिकटून हात मारत होत्या. त्या पाण्यातून सर्वांत आधी बाहेर आली ती छत्तीस वर्षांची डफी. सायकलवर ती आघाडीच्या गटात होती. पळताना फ्रान्सची कॅसँड्रा बोग्राँ, स्वित्झर्लंडची ज्युली डेरॉन, ब्रिटनची बेथ पॉटर निघून गेल्या, आणि एमा लोंबार्डीही.

पाचवी. बीजिंगच्या त्या वीस वर्षांच्या मुलीला ही जागा कुणी देऊ केली असती, तर तिने ती डोळे मिटून घेतली असती. छत्तीसच्या डफीला ती घेताना त्रास झाला असणार, आणि तसा झाला असेल तर मला ते आवडेल. निरोपाचा हात हलवायला ती आलेली नव्हती. जिंकायलाच आली होती, आणि पहिल्या दीड किलोमीटरमध्येच ते सगळ्यांना दिसलं होतं.